नातेवाइकाचा रकाना

नाशिक रोड
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

सौ. सुवर्णाबाई, मुक्काम सटाणा,

परवा मी एका फॉर्मवर तुझं नाव लिहिलं, तुला न विचारता. तेवढं कळवावं म्हणून हे पत्र. फोनवरच कळवलं असतं, पण पाच वर्षांपूर्वी तू मला ब्लॉक केलंस आणि ते व्रत इतक्या निष्ठेने पाळते आहेस की मला तुझं कौतुकच वाटतं. लहानपणी हरताळकेचा उपास तुझ्याने दुपारच्या पुढे जात नव्हता. असो. पोस्टखात्याला ते बटण अजून सापडलेलं नाही.

फॉर्म सोनोग्राफीचा होता. नाव, वय चोपन्न, मग 'पतीचे नाव', तिथे मी सवयीने आडवी रेघ मारली. त्याच्या खाली 'जवळच्या नातेवाइकाचे नाव व फोन'. तिथेही रेघ मारायला लागले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हा रिकामा नाही चालत. मिस्टर नाहीत तर मुलगा, मुलगी, कोणीतरी लिहा."

"कोणीच नसेल तर?"

"असं कसं, मॅडम? कोणीतरी असतंच की."

अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवते आहे. भले भले शास्त्रीबुवा मी वादात थकवले, पण या मुलीपुढे काही चालेना. लिहिलं : सुवर्णा, धाकटी बहीण. नंबरही लिहिला. तो पाठ आहे. तेव्हा नाशिकच्या अनोळखी नंबरावरून फोन आला तर उचल, कर्जवाला समजून कापू नको.

तपासणी किरकोळ आहे. पोट जरा फुगल्यासारखं वाटतं, परकराची नाडी पुरेनाशी झाली आहे. दोन तास सलग उभं राहिलं की खाली ओढल्यासारखं होतं आणि मधूनच वर्ग सोडून जावं लागतं. आठवी 'ब'ला वाटतं की बाई फोन बघायला जातात. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. खरं कारण त्याहून अपमानास्पद आहे.

बाकी ठीक. आईची पितळी परात काल चिंचेने घासली आणि गॅलरीतल्या कुंड्यांसाठी घेवड्याचं बी पाण्यात सोडलं, अगदी ती मळ्यावर सोडायची तसं. बुडालं ते पेरायचं, तरंगलं ते पोचट, टाकून द्यायचं. तरंगलेलं टाकताना माझा हात अजूनही अडतो, आणि तू अजूनही मला हसशील.

उत्तराची अपेक्षा नाही.

ताई

•

नाशिक रोड
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

सुवर्णा,

डाळिंबं पोहोचली. कंडक्टरने खोकं हातात देताना विचारलं, "काय म्हणते बहीण?" मी म्हटलं, "बहीण काही म्हणत नाही, म्हणून तर डाळिंबं पाठवते." घरी येऊन खोक्यात चिठ्ठी शोधली. तळाचा वर्तमानपत्राचा कागदसुद्धा उलगडून वाचला. त्यात कांद्याचे भाव होते. लासलगावला बरे आहेत म्हणे.

मागच्या पत्रात मी तपासणी किरकोळ असल्याचं लिहिलं होतं. तपासणी किरकोळच होती. निकाल तसा नाही.

त्या खोलीत काळोख करून पोटावर थंडगार चिकट काहीतरी फासतात आणि वरून यंत्र फिरवतात. पडद्यावर सगळं करडं-काळं, आणि मधोमध एक पांढराशुभ्र गोळा. मी विचारलं, "हे काय?" डॉक्टर म्हणाले, "बघू." मी विद्यार्थ्यांना जेव्हा 'बघू' म्हणते तेव्हा उत्तर मला माहीत नसतं, म्हणून त्या शब्दाला मी चांगली ओळखते. रिपोर्टात लिहून आलं : नऊ सेंटिमीटरची गाठ, बहुधा बीजकोशाची, 'डरमॉइड' असावी. या जातीच्या गाठीत केस आणि दातसुद्धा सापडतात म्हणे. लग्न टाळलं, मुलंबाळं टाळली, आणि आता चोपन्नाव्या वर्षी पोटात कोणाचे तरी दात घेऊन हिंडते आहे.

मग रूपालीकडे गेले. डॉक्टर रूपाली, माझ्या नव्याण्णवच्या दहावीतली, संस्कृतला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. उरलेले दोन मार्क कुठे गेले म्हणून ती तेव्हा माझ्याशी भांडली होती. ते भांडण तिने जपून ठेवलं होतं असं दिसतं.

"बाई, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"तीन."

"आणि पोट वाढतंय हे कधी लक्षात आलं?"

"दिवाळीत."

"म्हणजे आता, पंधरा दिवसांपूर्वी?"

"त्याच्या आधीच्या."

तिने पेन खाली ठेवलं. "वर्ष झालं, बाई? गृहपाठ एक दिवस उशिरा दिला तर तुम्ही आम्हाला वर्गाबाहेर उभं करायचात!"

बाहेर जाऊन उभी राहू का, असं विचारणार होते. तिचा चेहरा बघून विचारलं नाही.

तिला सोनोग्राफीचा तो निष्कर्ष पटलेला नाही. ती म्हणते गाठ बीजकोशाची वाटत नाही, एमआरआय करू. तो मागच्याच आठवड्यात व्हायचा, पण वीस तारखेला मतदान आणि माझी ड्यूटी. ड्यूटी रद्द करून मिळते, पण अर्जात कारण लिहावं लागतं. ते हेडमास्तरांच्या टेबलावरून तीन टेबलं फिरून तहसीलला जातं. तीन टेबलांना माझ्या गर्भाशयाची वार्ता देण्यापेक्षा मी दोन दिवस ड्यूटी केली, लोकांच्या बोटांना शाई लावली.

आता परवा एमआरआय.

शेजारच्या सिंधुबाईंना पित्त झाल्याचं सांगितलंय, शाळेत पाठदुखी. खरं फक्त तुला कळवते आहे, सगळ्यांच्या आधी. असं का, ते तुला कळेल.

ताई

•

नाशिक रोड
रविवार, ८ डिसेंबर २०२४

सुवर्णा,

या खेपेला मेथी आणि वर सहा लिंबं. चिठ्ठी नाहीच. पण मेथी निवडलेली होती. निवडलेली भाजी माणूस कोणाला पाठवतं, ते मला माहीत आहे.

आधी निकाल. त्या एमआरआयच्या यंत्रात एक युक्ती आहे म्हणे : चरबीचा उजेड तेवढा मालवता येतो. पहिल्या चित्रात माझा गोळा चंद्रासारखा पांढरा. युक्ती केली आणि दुसऱ्या चित्रात तो काळाठिक्कर. म्हणजे सगळी चरबी. आणि बीजकोशात नाही, थेट गर्भाशयाच्या भिंतीत. दात नाहीत. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

रूपालीने कागदावर चित्र काढून समजावलं. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, ती तर घरटी एकीला असते. माझ्या गाठीत त्या स्नायूबरोबर चरबीही वाढली आहे. लायपोलिओमायोमा. हे नाव ती एका दमात म्हणाली. संधी सोडवायची सवय असल्यामुळे मलाही जमलं. हजारात जेमतेम एकीला, तेही बहुतेक पाळी गेल्यावर. बारा वर्षांच्या प्रॅक्टिसमधली माझी केस दुसरी. मेद हा शरीराच्या सात धातूंतला चौथा, रस, रक्त, मांस यांच्या मागे निमूट रांगेत उभा राहणारा. त्याने रांग सोडून भलतीकडे बिऱ्हाड थाटलं. मी म्हटलं, "रूपाली, माझ्या अंगात चरबी फार, असं स्टाफरूममध्ये वीस वर्षं बोलतात. आता त्यांना पुरावा मिळाला." ती हसली नाही. डॉक्टर झाल्यापासून तिचं पाठांतर वाढलंय, विनोदबुद्धी तेवढीच राहिली.

एरवी अशी गाठ निरुपद्रवी. लहान असली, त्रास नसला, तर नुसती नजर ठेवायची. पण माझी मूत्राशयावर बसली आहे, आणि दुसरं असं की त्या काळ्या गोळ्याच्या कडेला रुपयाएवढा एक भाग मालवला नाही, उजळच राहिला. तो साधा स्नायू असेल. किंवा ही चरबी चांगल्या घरातली नसेल. चरबीचा कॅन्सर असतो, सुवर्णा. फार क्वचित. पण तो आहे की नाही हे कुठल्याही चित्रावरून ठरत नाही. गाठ बाहेर काढून काचेवर बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून एकोणीस तारखेला, गुरुवारी, गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढणार. दुर्बिणीने काढायचं तर गाठीचे आत तुकडे करावे लागतात. शंका असताना तुकडे करत नाहीत, सांडलं तर पसरतं. म्हणून पोट उघडून अख्खंच बाहेर.

आता दुसरं. हे पाच वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, आमच्या मोरीच्या दारामागे टॉवेलखाली पाळीचं एक सुती कापड वाळत घातलेलं मला दिसलं. आईला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. तिला विचारलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "गप. बायकांचं काय न काय चालूच राहतं. मे महिन्यात पूजाचं लग्न आहे. सुवर्णाला कळलं तर ती लेकीचं लग्न पुढं ढकलील, आन् ढकललेलं लग्न परत जमत नाय. बोललीस तर माझ्या गळ्याची शपथ."

मी बोलले नाही. जानेवारी ते मे, पाच महिने. पूजाच्या हळदीला तू आईला जात्यापुढे बसवलंस. "आजीच्या हातची हळद पाहिजे" असा तुझा हट्ट. ती दळत होती आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून बघत होते. जूनमध्ये दाखवलं तेव्हा कॅन्सर गर्भाशयाबाहेर गेला होता. ऑक्टोबरात ती गेली. दहाव्याला गोदावरीवर मामींशी बोलताना माझ्या तोंडून 'जानेवारीपासून' एवढं निसटलं आणि तू वळून बघितलंस. "म्हणजे मी तिला जात्याला बसवलं तेव्हा तुला माहीत होतं?" त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

मी सगळ्यांना सांगितलं, शपथ होती. स्वतःलाही तेच सांगितलं. एमआरआयच्या नळीत अर्धा तास हलायचं नसतं. डोळे मिटून पडल्यावर माणसाला स्वतःपासून उठून जाता येत नाही. तिथे मला कबूल करावं लागलं की आईने शपथ घातली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता हिला दवाखान्यात न्यायला नको, काही ऐकायला नको, तुला फोन करायला नको. तिने मला गप्प राहायला सांगितलं आणि मला तेच हवं होतं. शपथेच्या मागे मी लपले, सुवर्णा. म्हातारीला पुढे करून.

तुझा राग बरोबर होता. एवढंच सांगायचं होतं.

ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. सिंधुबाई करायला तयार आहेत. त्यांना आता खरं सांगितलंय. त्यांनी पित्तावर दिलेलं आवळ्याचं सरबत परत मागितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हा तू आलंच पाहिजेस असं नाही. कांद्याच्या लागवडीचे दिवस आहेत, तेही कळतं.

गुरुवार, १९. सकाळी नऊ.

ताई

•

नाशिक रोड
रविवार, १२ जानेवारी २०२५

सुवर्णा,

तू जाऊन आठवडा झाला. डबे अजून तू ठेवलेस त्याच जागी आहेत. म्हणजे मला काहीही सापडत नाही. हळद चहाच्या डब्यात का आहे, याचा खुलासा कधीतरी कर.

हे पत्र पोस्टाने नाही, उद्या सकाळच्या सटाणा गाडीच्या कंडक्टरबरोबर येईल. घाई आहे. कारण शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

अठरा तारखेच्या संध्याकाळी दार उघडलं तर तू. एका हातात पिशवी, एका हातात कोथिंबिरीची जुडी, धाप लागलेली. पाच वर्षांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य : "ताई, तुझा जिना लय उंच शे गं." मनात मी या भेटीची बरीच भाषणं रचली होती. एकातही जिना नव्हता. आणि तुझ्या सासरचं 'शे' इतक्या वर्षांत तुझ्या जिभेवर कसं पक्कं बसलंय! मी नुसतं म्हटलं, "लिफ्ट बंद आहे." तू आत येऊन कोथिंबीर धुवायला लागलीस. झाला समेट.

ऑपरेशनच्या दिवशीचं मला रूपालीकडून कळलं. तू मला जे सांगितलंस त्यापेक्षा तिची आवृत्ती विश्वसनीय आहे. काढलेला भाग नातेवाइकाला दाखवायची रीत आहे. तिने तुझ्यासाठी आधी खुर्ची मागवली, तुला भोवळ येईल म्हणून. तू म्हणालीस, "मी व्यालेल्या गायीची वार हातानं काढते, डॉक्टर. खुर्ची ऱ्हाऊ द्या, दाखवा." बरणीत औषधाच्या पाण्यात सोडल्यावर गाठ वर आली. लोण्याचा गोळा ताकावर येतो तशी. आणि तू सगळ्या स्टाफसमोर म्हणालीस, "तरंगलं! पोचट आहे. आमची आई असलं बी टाकून द्यायची."

रूपाली म्हणाली, "मावशी, चरबी आहे म्हणून तरंगतंय. चांगली की वाईट, ते लॅबमध्ये कळेल."

मग ती बरणी मांडीवर घेऊन तू रिक्षाने लॅबला गेलीस, आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाल्याला "हळू, दादा, दही आहे" असं सांगत होतीस म्हणे. हे तूच सांगितलंस. हे मात्र मी खरं मानते.

आता मूळ मुद्दा. रिपोर्ट चार दिवसांत येतो. माझा चौदा दिवसांनी आला. मी विचारलं की तू म्हणायचीस, "लॅबचं मशीन बिघडलंय. पुण्याहून माणूस येणार आहे." रोज तोच माणूस पुण्याहून निघायचा आणि रोज तो पोहोचायचा नाही. सुवर्णाबाई, मी परीक्षेत कॉपी करणाऱ्यांना अठ्ठावीस वर्षं पकडते आहे. पण मी काही बोलले नाही. तू लसूण सोलत बसायचीस, एवढा लसूण या घराला वर्षभर लागत नाही, आणि मी टाके सांभाळत पडून तुझ्याकडे बघायचे.

नऊ तारखेला तपासणीला गेले तेव्हा लॅबमध्येही डोकावले. डॉक्टर शेखर म्हणाले, "तुम्ही त्या मॅडम का? तुमच्या बहिणीने आठ दिवसांत मला अकरा फोन केले." मग सगळं सांगितलं. कडेच्या त्या रुपयाएवढ्या भागातल्या पेशी त्यांना पहिल्या बघण्यात जरा विचित्र वाटल्या होत्या. त्यांनी तुला तेव्हाच सांगितलं : आणखी तुकडे घेतो, वेगळे रंग देऊन बघतो, आठ-दहा दिवस थांबा. तू विचारलंस, "वाईट निघालं तर?" आणि मग म्हणालीस, "तिला आत्ता सांगू नका. टाके ओले आहेत."

तुकडे नीट निघाले. पक्व चरबी आणि साधा स्नायू. तो विचित्र भाग म्हणजे रक्तपुरवठा न मिळाल्याने सुकलेला स्नायू, बाकी काही नाही. औषध नको, किरणं नकोत, सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं. हे तुला माहीतच आहे. रिपोर्ट हातात आल्यावर तू मोरीत जाऊन नळ सोडून रडलीस. नळाच्या आवाजाने रडणं झाकतं असं तुला लहानपणापासून वाटतं. झाकत नाही.

हे मी तुला पकडण्यासाठी लिहीत नाही. हिशेब फिटला, असं तर मुळीच म्हणत नाही. तुझ्या दहा दिवसांनी कोणाचा उपचार लांबला नाही, माझ्या पाच महिन्यांनी आई गेली. पण मशीनचा माणूस पुण्याहून निघाला असं मला सांगताना तुझी नजर लसणावरून वर येत नव्हती. मांडवाच्या खांबाला टेकून उभी असताना माझी नजर कुठे होती, ते तुला आता थोडं कळलं असेल.

तू जाण्याच्या दोन दिवस आधी, तीन तारखेला, मी पहिल्यांदा कोणाच्या आधाराशिवाय मोरीत गेले. दारामागे टॉवेल होता. टॉवेलखाली सुती कापड वाळत होतं.

ते माझं नव्हतं. माझ्याकडे आता त्या कापडाचं काही काम नाही. तुझी पाळी जाऊन अडीच वर्षं झाली, हे तूच मेथी निवडताना सांगितलं होतंस.

मी परत येऊन पडले आणि तुला विचारलं, "आज भाजी काय?" तू म्हणालीस, "भरताचं वांगं आणलंय." बस. तेवढंच. आठ दिवस मी गप्प राहिले. या वेळी कोणी शपथही घातली नव्हती. पाच वर्षांनी बोलायला लागलेली बहीण पुन्हा तोंड फिरवेल, एवढीच भीती होती. शिवाय तू पूजाकडून नातवाला आणायला निघाली होतीस, संक्रांत तोंडावर होती. कारणं कशी आपोआप रांगेत येऊन उभी राहतात ते मी परत एकदा बघितलं.

काल मी तुझ्या दिनेशरावांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते शेतात होते. त्यांनी आधी पाण्याची मोटर बंद केली. मग म्हणाले, "तिले काय व्हयनं, ताई? मला तर म्हणे गुडघा दुखतो, म्हणून झोप लागत नाय." मी म्हटलं, बहुधा काही नसेल. पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या दहा जणींत नऊ जणींचं साधंच निघतं, असं रूपाली म्हणते. पण उरलेली दहावी कोण ते तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्या घरात एक दहावी होऊन गेली आहे, हे मी त्यांना सांगायची गरज पडली नाही.

बुधवारी, पंधरा तारखेला, अकरा वाजता रूपालीकडे तुझी वेळ घेतली आहे. उद्या भोगी, परवा संक्रांत. तीळगूळ तुझ्या घरी कर, हळदीकुंकवाची वाणं मागाहून वाट. दिनेशराव पहाटेच्या गाडीने तुला घेऊन निघतील. आता तू त्यांच्याशी भांडशील, मग माझ्याशी. ब्लॉकही करशील. कर. मी पोस्टातून दहा पाकिटं आणून ठेवली आहेत.

लिफ्ट दुरुस्त झाली आहे, तेव्हा जिन्याची सबब चालणार नाही. घेवड्याला फुलं आली आहेत. बुडालेल्या बियांतली दोन उगवली नाहीत. का, ते तू आलीस की बघून सांग.

आणि तिथे तुला तोच फॉर्म देतील. पतीचं नाव, वय, सगळं नीट लिही. खालच्या नातेवाइकाच्या रकान्यात माझं नाव घाल. विचारायची गरज नाही.

ताई